सभासद क्रमांक २१४ यांना आत सोडा

ताई, नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता वय ६८. गावच्या वाचनालयाची १९८३ पासूनची सभासद. आमच्याकडे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वाचक कट्टा भरतो. वाचनालय वरच्या मजल्यावर आणि माझ्या गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारलेला. आमच्यासारख्यांसाठी कट्टा आता झूमवरही असतो. पहिल्या खेपेला नातवाने फोन लावून दिला. चेहरे दिसले, ओठ हलले, आवाज काही आला नाही. मूकपट बघून उठले. दुसऱ्या खेपेला त्याने पुन्हा लावून दिलं आणि तो क्रिकेटला पळाला. स्क्रीनवर इंग्रजीत 'थांबा' अशा अर्थाचं काहीतरी आलं, म्हणून मी २५ मिनिटं थांबले. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, तुम्ही आलाच नाहीत. 'कोकण किंग ०७' नावाचं कोणीतरी मात्र सारखं दार वाजवत होतं. आम्ही घेतलं नाही." तो कोकण किंग म्हणजे मी!

दुसरी गोष्ट. मुलगी न्यू जर्सीत असते. तिथल्या लायब्ररीत लहान मुलांसाठी ऑनलाइन गोष्टींचा तास असतो, त्यांच्या सकाळी साडेदहाला, म्हणजे आपल्या रात्री आठला. मुलीच्या लिंकवरून मी नातीबरोबर दोनदा बसले. नोव्हेंबरात आठला बसले तर कोणीच नाही.

नातू म्हणतो, "आजी, तू हात लावू नकोस, मी आहे ना." मुलगी म्हणते, "रेकॉर्डिंग बघ." या वयात हे शिकावं, की नाद सोडावा?

— सभासद क्रमांक २१४

बाई, नमस्कार.

शाळेतल्या बाईंना काकू म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून बाईच म्हणते. तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग ओशाळले, कारण त्या दाराच्या आतल्या बाजूला मीही बसलेली आहे. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या इथल्या वाचनालयाने कार्यक्रम ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली तेव्हा द्वारपालाचं काम माझ्या गळ्यात पडलं. द्वारपालासमोर बाहेर थांबलेल्यांची यादी असते. आमच्या यादीत काय काय नावं यायची! 'सॅमसंग', 'मम्मी', 'आयफोन', नुसतं एक टिंब. सुरुवातीला आम्ही सरसकट सगळ्यांना आत घ्यायचो. मग एका रविवारी कोणीतरी उपटसुंभ शिरला आणि ऐन कवितावाचनात त्याने अचकटविचकट गाणं लावलं. तेव्हापासून ओळखीचं नाव दिसलं तरच आत, असा नियम केला. त्या नियमापायी मी किती बाईंना ताटकळत ठेवलं असेल, याचा हिशोब आज तुमचं पत्र आल्यावर मनात आला.

आधी उत्तर देते, कारणं मग. शिका. नाद सोडायचं काही कारण नाही. तुम्हाला जे शिकायचंय ते तासाभराचं काम आहे आणि त्यातली पंधरा मिनिटं चष्मा शोधण्यात जातील. फक्त एक पथ्य पाळा: फोन हातातून सोडायचा नाही.

नातू गुणी आहे, पण त्याचं 'मी आहे ना' हेच खरं दुखणं आहे. तो फोन हातात घेतो, त्याची बोटं कशी फिरतात ते दिसतसुद्धा नाही, मग 'झालं' म्हणतो आणि बॅट घेऊन पळतो. यात तुमच्या हाती काय राहतं? शाळेत एखाद्या पोराचं गणित तुम्ही स्वतः सोडवून त्याच्या वहीत लिहून दिलं होतंत का कधी? तेव्हा त्याला शेजारी बसवा, हात मागे बांधायला सांगा. बोट तुमचं, तोंड त्याचं. प्रत्येक पायरी तुमच्या वहीत तुमच्या अक्षरात, तुमच्या शब्दांत. 'खाली डावीकडे कान लावलेलं चित्र' असं लिहिलंत तरी चालेल, कंपनीने दिलेलं नाव पाठ करायची गरज नाही.

आता त्या कोकण किंगकडे वळू.

नातवाने त्या फोनवर झूममध्ये स्वतःचं खातं उघडलेलं आहे आणि त्याला आपलं खेळातलं टोपणनाव दिलंय. त्यामुळे त्या फोनवरून कोणीही आत गेलं तरी पाटी तीच. यावर उपाय सोपा आहे. अ‍ॅपमध्ये जाऊन त्याचं खातं 'साइन आउट' करायचं. सभेला नुसतं हजर राहायला बहुतेक वेळा खातं लागतच नाही. मग वाचनालयाच्या लिंकवर बोट ठेवलंत की झूम तुमचं नाव विचारेल. तिथे वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये आहे तेच नाव लिहा, आडनावासकट. देवनागरीत लिहिलं तरी चालतं. आत गेल्यावर नाव चुकलंय असं दिसलं तर 'पार्टिसिपंट्स'च्या यादीत स्वतःच्या नावावर बोट ठेवून 'रीनेम' करता येतं, पण ते आत गेल्यावर. तुम्ही होतात दाराबाहेर. म्हणून नावाचं काम आधीच उरकायचं.

आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी जा. हे शिस्तीसाठी सांगत नाहीये, तुम्हाला शिस्त शिकवणारी मी कोण! आपल्याकडची बरीच वाचनालयं दोन-तीन माणसांवर चालतात. जो माणूस दुपारी पुस्तकं देतो-घेतो, तोच संध्याकाळी पाहुण्यांना चहा देतो आणि तोच लॅपटॉपवर बसून लोकांना आत घेतो. पाहुणे बोलायला लागले की त्याचं यादीकडे लक्ष राहत नाही. पाच मिनिटं उशिरा आलेला माणूस पुढचा अर्धा तास उंबऱ्यावर. अशा वेळी २५ मिनिटं गोल चक्राकडे बघत बसू नका, सरळ ग्रंथपालांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, 'मी बाहेर उभी आहे, घ्या.'

आवाजाचं सांगते. इथे जरा सावकाश वाचा, कारण माझ्या अनुभवात दहातले सात जण इथेच अडकतात.

सभागृहात आत शिरलं की ऐकू येतंच. झूममध्ये तसं नाही, इथे कानांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. मोबाइलवर आत गेल्या गेल्या एक चौकट येते, तिच्यात 'वायफाय ऑर सेल्युलर डेटा' असं लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की कान जोडले गेले. ती चौकट क्षणभर दिसते, आपण चेहरे बघण्यात गुंग असतो, चुकून दुसरीकडे बोट लागतं आणि ती जाते. मग सुरू होतो तुमचा मूकपट. असं झालं तर स्क्रीनवर कुठेही एकदा हलकेच बोट टेकवा. लपलेली चित्रांची पट्टी वर येईल. त्यात हेडफोनचं चित्र दिसलं तर कान अजून जोडलेले नाहीत, त्यावर बोट ठेवा. त्या जागी माइकचं चित्र आलं आणि त्यावर लाल तिरकी रेघ असली तर सगळं ठीक आहे. तुम्हाला लोक ऐकू येताहेत, लोकांना तुम्ही येत नाही. श्रोत्याने असंच असावं.

एवढं वहीत मोठ्या अक्षरात लिहा: हेडफोन दिसला तर माझे कान बंद, रेघेचा माइक दिसला तर माझं तोंड बंद.

तोंड उघडायचं तर रेघेवर बोट, बोलून झालं की पुन्हा बोट. बोलताना रेघ गेली की नाही हे बघायची सवय लावून घ्या. नाहीतर आपण भरभरून पाच मिनिटं बोलतो आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "बाई, तुम्ही म्यूटवर आहात." तीच वाक्यं दुसऱ्यांदा म्हणायला गेलं की पहिल्यासारखी उमटत नाहीत.

आणखी एक फसवी जागा आहे. अ‍ॅप पहिल्यांदा वापरताना अँड्रॉइड फोन इंग्रजीत विचारतो, 'अलाउ झूम टू रेकॉर्ड ऑडिओ?' रेकॉर्ड हा शब्द वाचला की आपल्या पिढीचं बोट आपोआप 'डोन्ट अलाउ'कडे जातं. कोणी का माझा आवाज टिपून ठेवावा! पण त्याचा अर्थ इतकाच असतो की अ‍ॅपला फोनचा माइक वापरू द्यायचा का. 'व्हाइल यूझिंग दि अ‍ॅप' निवडा, म्हणजे अ‍ॅप उघडं असेल तेवढाच वेळ परवानगी. दोनदा नकार दिलात तर हल्लीचे फोन पुन्हा विचारतच नाहीत, रुसतात. मग सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅप्स, त्यात झूम, त्यात परमिशन्स आणि तिथे मायक्रोफोन, असं दार उघडून द्यावं लागतं. तुमच्या फोनवर नातवाने हे केलेलं असेल, पण बघून घ्या.

आवाज येतोय पण बारीक येतोय, फोन कानाला लावल्यावरच ऐकू येतं, असं झालं तर वरच्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र शोधा. एकदा बोट ठेवलं की आवाज मोठ्या स्पीकरवर येतो. माझं मत विचाराल तर वायरवाले साधे इअरफोन घ्या. बिनवायरचे दिसायला छान, पण ऐन रंगात आलेल्या चर्चेत त्यांची बॅटरी मान टाकते, आणि एक कानातून पडून कॉटखाली गेला की गुडघे आहेतच. घेताना फोनला गोल भोक आहे की चपटं ते बघून घ्या, नव्या बऱ्याच फोनना गोल भोक नसतंच.

इअरफोनचा आणखी एक फायदा. शेजारच्या वहिनी तुमच्याकडे येऊन त्यांच्या फोनवरून त्याच कट्ट्याला बसल्या आणि दोन्ही फोनचे स्पीकर चालू राहिले, तर अशी कर्णकर्कश शिट्टी सुरू होते की न्यू जर्सीपर्यंत जावी. एका खोलीत एकच आवाज चालू ठेवायचा. त्यापेक्षा एकाच फोनवर दोघी बसा, चहा तरी एकत्र होईल.

हे सगळं कट्ट्याच्या दिवशी करायचं नाही. रंगीत तालीम आदल्या दिवशी. झूमची स्वतःची एक चाचणीची जागा आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये 'झूम डॉट यूएस स्लॅश टेस्ट' हा पत्ता टाकला की एक खोटी सभा उघडते, आवाज येतो का, आपला माइक चालतो का, ते तपासता येतं. आत कोणी नसतं, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

पण त्याहून चांगली तालीम म्हणजे ग्रंथपालांना फोन. "शुक्रवारी दुपारी मला दहा मिनिटं द्या, लिंक सुरू करा, मी आत येऊन बघते," असं बिनदिक्कत सांगा. तुम्हाला संकोच वाटेल, त्यांना त्रास कशाला म्हणून. अहो, १९८३ पासूनची वर्गणी आहे तुमची! भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. त्यांच्या जन्मदिनाची आठवण म्हणून १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा होतो, हार घालतात, भाषणं होतात. दाराशी २५ मिनिटं उभ्या राहिलेल्या वाचकासाठी दहा मिनिटांची तालीम म्हणजे त्या चौथ्या नियमाचंच काम आहे. शिवाय तुमचा जिल्हा असा की रत्नागिरीत १८२८ पासून नगर वाचनालय आहे. तिथल्या सभासदाने संकोच करायचा म्हणजे कमाल झाली.

ग्रंथपालांना फोन कराल तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा. एक, कट्टा झूमच्या फुकट खात्यावर असतो का? तसं असेल तर सभा ४० मिनिटांनी आपोआप बंद होते, वक्ता वाक्याच्या मध्यावर असला तरी. यात तुमची काही चूक नसते. यजमानाने सभा पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा तीच लिंक चालते, तेव्हा लिंकचा निरोप हाताशी ठेवा आणि परत आत जा. यातही एक गंमत आहे. आमच्याकडे एक लांबण लावणारे वक्ते होते, त्यांना थोपवायला आम्ही मुद्दाम फुकट खातंच ठेवलं होतं. दुसरा प्रश्न, कार्यक्रम यूट्यूबवरही जाणार आहे का? जाणार असेल तर नुसतं ऐकायला यूट्यूब सर्वांत सोपं. नाव नको, माइक नको, दार नको, घरच्या स्मार्ट टीव्हीवरही लागतं. मात्र तिथे चित्र काही सेकंद मागे असतं आणि बोलता येत नाही. व्याख्यान असेल तर यूट्यूब पुरे. कट्टा असेल तर झूमच, कारण कट्ट्यावर नुसतं ऐकणाऱ्याला काय मजा.

वाचनालयाच्या कार्यक्रमात कधी कधी 'वेबिनार' असा शब्द असतो. त्यात श्रोत्यांचे चेहरे कोणालाच दिसत नाहीत, माइकही आपल्या हातात नसतो. तिथे माइकचं चित्र सापडलं नाही तर तुमचा फोन बिघडलेला नाही. प्रश्न लिहून पाठवायची वेगळी खिडकी असते, आणि हात वर केल्याचं चित्र दाबता येतं.

प्रश्न लिहिण्यावरून आठवलं. सभा चालू असताना मराठीत टाइप करायला जाऊ नका. ऱ्हस्व-दीर्घ सापडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो आणि तुम्ही तर शुद्धलेखन तपासल्याशिवाय पाठवणार नाही. दुपारीच पुस्तक समोर ठेवून दोन प्रश्न तयार करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवा. फोनच्या कीबोर्डवरच्या माइकवर बोट ठेवून बोललात तर फोन मराठीत लिहूनही देतो, मग तुम्ही चुका दुरुस्त करायच्या. सभेत फक्त उचलून चिकटवायचं. पाठवण्याआधी निरोप कोणाला जातोय ते बघा, 'एव्हरीवन' म्हणजे समस्त गाव. मी एकदा मैत्रिणीला म्हणून लिहिलं, 'यांना कोणीतरी पाणी द्या आणि बसवा.' ते एव्हरीवनला गेलं. वक्त्यांनी ते वाचलं, पाणी प्यायले आणि पुढे अर्धा तास बोलले.

आता तुमच्याकडचा पाऊस आणि वीज. वीज गेली की वायफायचा डबाही जातो. त्यामुळे फोन पूर्ण चार्ज केलेला आणि मोबाइल डेटा शिल्लक, एवढी तजवीज हवी. तासाभराच्या सभेला चित्रासकट अर्धा ते एक जीबी लागतो असं धरून चला. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर असाल तर त्या दिवशी सकाळी आलेले फुलांचे आणि सुविचारांचे व्हिडिओ उघडू नका, नाहीतरी त्यात काय असतं. चित्र अडकायला लागलं, माणसं तोंड वासून थिजली, की आधी आपला कॅमेरा बंद करा. त्याने बराच भार हलका होतो. घरात रेंज कुठे चांगली येते हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. ओटीवरचा तो एक कोपरा असेल तर खुर्ची तिथेच टाका.

सभेच्या मध्येच फोन आला तर सभेचा आवाज तुटतो आणि फोन ठेवल्यावरही कधी कधी परत येत नाही. संध्याकाळी सातला कोण कोण फोन करतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. तेवढ्या तासापुरतं 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. नंतर काढायला विसरू नका, नाहीतर मुलगी रात्रभर काळजी करत बसेल.

कॅमेऱ्याचं फारसं काही नाही. फोन हातात धरून बसायचं नाही, हात भरून येतो आणि लोकांना छत दिसतं. दोन जाडजूड दिवाळी अंक आडवे ठेवा, त्यांना टेकवून फोन आडवा उभा करा. उजेड तोंडावर हवा, पाठीवर नको. कुकर सभेआधी उतरवून ठेवा. बास.

आता न्यू जर्सी.

तुम्ही चुकला नव्हतात, घड्याळ चुकलं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे त्यांचे सकाळचे साडेदहा हे उन्हाळ्यात आपले रात्रीचे आठ, पण नोव्हेंबरनंतर नऊ. तुम्ही तासभर लवकर जाऊन बसलात. थोडं थांबला असतात तर नात आली असती, वाईट वाटलं वाचून. कॅलेंडरवर त्या दोन रविवारी लाल पेनाने खूण करा. उद्या लंडनच्या एखाद्या ग्रंथालयाचा कार्यक्रम ऐकावासा वाटला तर तिथली घड्याळं आणखी वेगळ्या तारखांना फिरतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. तिकडचे संध्याकाळी सात म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा नाहीतर साडेबारा. आणि अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाला तुम्हाला उन्हाळ्यात पहाटे साडेचारला, हिवाळ्यात साडेपाचला उठावं लागेल, तेही दुसऱ्या दिवशी. तारीख बघताना तिथेच गल्लत होते.

मुलीची लिंक वापरू नका. तिथल्या लायब्ररींमध्ये बऱ्याचदा आधी नावनोंदणी करावी लागते आणि ईमेलने येणारी लिंक त्या एका नावापुरतीच असते. मुलीला तिच्या लायब्ररीत विचारू द्या, "माझी आई भारतातून बसली तर चालेल का?" पुस्तकं घरी न्यायला तिथलं कार्ड लागतं, पण ऑनलाइन कार्यक्रमाला बऱ्याच ठिकाणी लागत नाही. चालत असेल तर तुमच्या ईमेलवर तुमची वेगळी नोंदणी करा, आणि उत्तर आलं नाही तर 'स्पॅम'च्या कप्प्यात डोकावा. मुलांच्या कार्यक्रमात तिथले लोक अनोळखी मोठ्या माणसाला सहजासहजी आत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तिथे आपलं नाव इंग्रजीत, नातीच्या नावापुढे 'ग्रँडमा' असं लिहा. कोकण किंग तिथेही चालणार नाही.

'रेकॉर्डिंग बघ' हा मुलीचा सल्ला मला पटत नाही. एक तर गोष्टींच्या तासाचं रेकॉर्डिंग असेलच असं नाही. छापील पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं आणि ते इंटरनेटवर ठेवायचं तर प्रकाशकाच्या परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून बरेच कार्यक्रम त्या वेळेपुरतेच असतात. दुसरं म्हणजे, रेकॉर्डिंगमध्ये नात तुमच्याकडे बघून हात हलवणार आहे का? कट्ट्याचंही तेच. हां, कट्टा रेकॉर्ड होत असेल तर सुरुवातीला तशी सूचना येते. आपला चेहरा यूट्यूबवर नको असेल तर कॅमेरा बंद ठेवा, कोणी रागावत नाही.

एक सावधगिरी, कारण आता तुम्ही लिंकवर बोट ठेवायला धीट होणार. कट्ट्याची लिंक ओळखीच्या नंबरवरून किंवा वाचनालयाच्या ग्रुपवर आलेली असेल तरच उघडा. झूमच्या लिंकमध्ये 'झूम डॉट यूएस' असतं. गूगल मीटच्या लिंकमध्ये 'मीट डॉट गूगल डॉट कॉम' आणि पुढे तीन, चार, तीन अशी इंग्रजी अक्षरं असतात. अ‍ॅप फोनच्या प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'एपीके' फाइलमधून कधीही नाही. आणि वाचनालय म्हणून फोन करून कोणी ओटीपी मागितला, किंवा 'तुमची अडचण दूर करतो, स्क्रीन दाखवा' म्हणाला, तर फोन ठेवून द्या. पुस्तकांच्या गप्पा मारायला ओटीपी लागत नाही. दुर्दैवाने पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

हे इतकं करूनही एखाद्या शनिवारी जमणार नाही. रेंज जाईल, लिंक चुकीची येईल. त्या दिवशी ग्रंथपालांना सांगा की वाचनालयात बसलेल्यांपैकी कोणीतरी मला साधा फोन लावून टेबलावर ठेवा. चित्र नसेल, पण तुमच्या तोंडचे दोन शब्द कट्ट्यावर पोचतील.

तालमीच्या वेळी नातवाला एक काम जरूर द्या, तो दुखावायला नको. तुम्ही आत गेल्यावर त्याने दुसऱ्या खोलीत त्याच्या फोनवरून आत यायचं, आणि तुम्ही कसे दिसता, कसे ऐकू येता, ते ओरडून सांगायचं. कानात इअरफोन असू दे म्हणावं. ग्रंथपाल त्या वेळी जागेवर असतील तर आधी तुमचं नाव घेतील आणि मग कोकण किंगला आत सोडायचं की नाही हे तुम्हाला विचारतील.

या महिन्यात कट्ट्यावर कोणतं पुस्तक आहे ते मात्र तुम्ही लिहिलंच नाहीत.